पडलेला वाडा आणि बांधलेले घर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्या उत्तरार्धावर मराठीत किती लिहिले गेले याची मोजदाद करणे कठीण. देवलांच्या 'शारदा' नाटकापासून (१८९९) आजच्या मालिकांपर्यंत लग्न जमणे, मोडणे, टिकणे आणि न टिकणे हा आपल्या लेखकांचा हक्काचा विषय राहिला आहे. पूर्वार्धाचे काय? कुणी एका कुटुंबाने घर बांधायला काढले, ते रखडत रखडत पुरे झाले आणि एका सकाळी माणसे त्यात राहायला गेली, एवढीच हकीकत मध्यभागी ठेवणारी पहिल्या रांगेतली मराठी कादंबरी किंवा नाटक वाचकांनी आठवून पाहावे. बराच वेळ आठवावे लागेल.

घरे नाहीत असे नव्हे. मराठी साहित्यात घरेच घरे आहेत. परंतु ती एक तर पडत असतात, किंवा अपुरी असतात, किंवा हातातून गेलेली असतात. महेश एलकुंचवारांचा 'वाडा चिरेबंदी' (१९८५) पडत चाललेला आहे. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' (१९५८) माणसांनी भरून वाहते आणि शेवटच्या चिंतनात तीही हातची निसटते. 'नटसम्राट'मधले (१९७०) गणपतराव बेलवलकर आपले सर्वस्व मुलांना वाटून देतात आणि उघड्यावर येतात. व. पु. काळे हे पेशाने वास्तुविशारद. मुंबई महानगरपालिकेत त्यांनी नोकरी केली. त्यांच्याही एका पुस्तकाचे नाव 'घर हरवलेली माणसं' असेच आहे. ज्याने आयुष्यभर घरांचे नकाशे पाहिले, त्यालाही लिहिताना हरवलेले घरच जवळचे वाटावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

हा प्रश्न मला एखाद्या परिसंवादात सुचलेला नाही. तो सुचला भोपाळच्या सोनागिरीत, एका वास्तुशांतीच्या दिवशी, आणि खरे सांगायचे तर सुचायलाही पुष्कळ वर्षे लागली.

सोनागिरी म्हटले की अनेकांना दतिया जिल्ह्यातले जैन तीर्थ आठवते. ही ती नव्हे. ही भोपाळच्या पूर्वेकडची, पिपलानीला लागून असलेली वसाहत. तिथे मराठी माणूस कसा पोचला याला इतिहास आहे. ३१ ऑक्टोबर १९५६पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. दुसऱ्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि नागपूरच्या कचेऱ्यांतली कितीतरी मराठी कुटुंबे फायलींच्या पाठोपाठ भोपाळला गेली. त्याच १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पुढे ती 'भेल' या नावात सामावली. तिचा कारखाना भोपाळात उभा राहिला आणि पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या भागांत कामगारांची क्वार्टर्स बांधली गेली. देशभरातून माणसे आली, तशी नागपूर-वऱ्हाडाकडूनही आली. क्वार्टर कंपनीचे, निवृत्तीबरोबर ते सोडायचे. म्हणून नोकरीत असतानाच आसपास भूखंड पाहून ठेवायचा, भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढायचे, कर्ज घ्यायचे आणि बांधायचे. सोनागिरी, इंद्रपुरी अशा वसाहतींतली बरीच घरे या हिशेबाने उभी राहिली.

माझी थोरली मावसबहीण, आम्ही तिला ताई म्हणतो, अशाच एका क्वार्टरमधून १९९८ साली सोनागिरीतल्या आपल्या घरात राहायला गेली. मी तेव्हा नुकताच एम. ए. होऊन शाळेत लागलो होतो. डोक्यात पु. लं.चा विनोद आणि एलकुंचवारांचा वाडा दोन्ही ताजे होते. होम आटोपला, वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरून झाली आणि भावजी म्हणाले, "ये, तुला घर दाखवतो."

पु. लं.च्या 'हसवणूक' संग्रहात 'मी आणि माझा शत्रुपक्ष' नावाचा लेख आहे. त्यात शत्रू म्हणून जे गणले गेले आहेत, त्यांत नवे घर बांधून ते पाहुण्यांना तपशीलवार दाखवणारे गृहस्थ येतात. मराठी वाचकाला पुऱ्या झालेल्या घराची जी एकमेव गोष्ट हमखास आठवते, ती हीच. भावजी चौकटीचे लाकूड, खिडकीच्या कड्या आणि कोटा फरशीचे सांधे दाखवत होते, तेव्हा मी त्या लेखाच्या आठवणीने ओठ दाबून चाललो होतो. भावजी म्हणजे मला त्या लेखातून उठून आलेलेच वाटले.

स्वयंपाकघरात ताई उभी होती. भावजी सिमेंटबद्दल सांगू लागले तशी तिने त्यांना थांबवले आणि म्हणाली, "हा ओटा बघ. माझ्या उंचीचा करून घेतलाय. क्वार्टरचा ओटा उंच होता रे. एकोणीस वर्षं पाटावर उभं राहून पोळ्या लाटल्या." ती बुटकी आहे, हे मला जन्मापासून ठाऊक होते. ती पाटावर उभी राहून स्वयंपाक करते, हेही मी पाहिले होते. त्या दोन गोष्टी मी कधी एकत्र ठेवल्या नव्हत्या.

त्या क्षणी काही साक्षात्कार झाला असे मी म्हणणार नाही. मी परत आलो आणि सहकाऱ्यांना भावजींच्या घरदाखवणीची गोष्ट रंगवून सांगितली, सगळे हसलेही. परंतु नंतर वर्गात आणि वर्गाबाहेर तो लेख जेव्हा जेव्हा वाचला, तेव्हा तो ओटा मध्ये येऊ लागला.

पु. लं.चा लेख उत्तम आहे, यात वाद नाही. स्वतःच्या मालमत्तेचे कौतुक दुसऱ्याने करावे म्हणून त्याला वेठीला धरणे हे हास्यास्पदच आहे, आणि पु. लं.नी ते बिनचूक टिपले. पण त्या लेखाचा डोळा पाहुण्याचा आहे. पाहुण्याला घर तयार दिसते. त्याला दिसतात त्या वस्तू: कडी, नळ, फरशी. यजमानाला त्या कडीच्या जागी ती बसेपर्यंतचे सहा महिने दिसत असतात. तो प्रत्येक कडी दाखवतो, कारण प्रत्येक कडी त्याला स्वतंत्रपणे मिळवावी लागली आहे. विनोदासाठी हे अंतर आवश्यक होते; पु. ल. यजमानाच्या आत शिरले असते तर लेख हसवणुकीचा राहिला नसता. दोष त्या लेखाचा नाही. दोष हा की, त्या लेखाच्या शेजारी यजमानाच्या बाजूने लिहिलेले तेवढ्याच ताकदीचे दुसरे पान मराठीत आलेच नाही. त्यामुळे पडणाऱ्या घरासाठी रडावे आणि बांधलेल्या घराला हसावे, अशी वाटणी आपल्या वाचकाच्या मनात पक्की झाली.

आता वाड्याकडे वळू. 'वाडा चिरेबंदी' हे नाटक विदर्भातल्या एका देशपांडे घराण्याचे. वडील वारले आहेत, तेराव्याचा खर्च समोर आहे, अंगणात ट्रॅक्टर नुसता पडून आहे, थोरला भास्कर घरचे जुने वैभव राखण्याच्या ओढाताणीत आहे आणि मुंबईहून सुधीर आणि अंजली आलेले आहेत. विजया मेहतांनी ते रंगभूमीवर आणले, आणि मराठी कौटुंबिक नाटकाची उंची त्याने वाढवली. प्रस्तुत लेखकाने ते अनेकदा वाचले आहे. दर वाचनात मन भास्करपाशी, वहिनीपाशी आणि आईपाशी राहते. सुधीर मुंबईला परत निघतो, तेव्हा आपण त्याच्याबरोबर जात नाही. आपण वाड्यातच थांबतो. नाटकाला तेच हवे आहे आणि ते योग्यही आहे.

पण सुधीरसारखे जे हजारो गेले, त्यांचे पुढे काय झाले? भोपाळ, इंदूर, जबलपूर, रायपूर, भिलाईला गेलेल्यांचे काय? हा प्रश्न आमच्या भावजींच्या वहीने माझ्यापुढे ठेवला.

भावजींनी घर बांधताना एक लांबट वही घातली होती. काही वर्षांपूर्वी ती मी मागून घेतली आणि एखादी संहिता वाचावी तशी वाचली. पहिल्या पानावर जमेची पहिली नोंद अशी: 'गावच्या वाड्यातला आपला वाटा, भाऊंकडून.' रक्कम इथे देण्याचे कारण नाही. वऱ्हाडातल्या एका वाड्याचा पाचवा हिस्सा कमी होऊन त्याचे पायाचे दगड आणि जोत्याची भर झाली. ज्या वर्षी गावात भिंत घालून वाड्याचे भाग पडले, त्याच वर्षी सोनागिरीत पाया खणला गेला. वाडा पडणे आणि घर उभे राहणे या दोन गोष्टी नव्हत्याच. ते एकाच व्यवहाराचे खर्चाचे आणि जमेचे पान होते. मराठी साहित्याने खर्चाचे पान अतिशय सुंदर अक्षरात लिहिले. जमेचे पान कोरे ठेवले.

वहीची भाषा हाही अभ्यासाचा विषय आहे. आपण द्विभाषिक जिल्ह्यांतली माणसे, आपल्याला ते लगेच कळेल. जोपर्यंत बांधकाम चालू आहे तोपर्यंत नोंदी हिंदीत: रेत, गिट्टी, सरिया, मिस्त्री की मजदूरी, तराई. वाळू, खडी, सळई, गवंडी हे शब्द भावजींना येत नव्हते असे नाही. पण ज्याच्याकडून माल घ्यायचा आणि ज्याला मजुरी द्यायची त्याच्या भाषेत हिशेब ठेवलेला बरा. आणि मग शेवटच्या पानांवर भाषा बदलते. उंबरठा, ओटा, देवघर, माळा, तोरण. या वस्तूंपाशी आल्यावर भावजींची लेखणी आपोआप मराठीत आली. त्यांनी ते मुद्दाम केले नाही. मी दाखवेपर्यंत त्यांच्या ते लक्षातही आले नव्हते. शेजाऱ्यांनी ज्याला गृहप्रवेश म्हटले, त्याची नोंद वहीत 'वास्तुशांत' अशी आहे. या दोन शब्दांत फरक आहे. गृहप्रवेशात माणूस घरात शिरतो. वास्तुशांतीत माणूस आधी जमिनीची समजूत घालतो, की आम्ही इथे राहायला येत आहोत, सांभाळून घे. परमुलखात घर बांधणाऱ्याला हा दुसरा शब्द अधिक लागू पडतो.

खरी गोष्ट इथे आहे. महाराष्ट्रात घर बांधणारा माणूस निवारा बांधतो, प्रतिष्ठा बांधतो. सीमेपलीकडे घर बांधणारा मराठी माणूस याशिवाय आणखी एक निर्णय घेत असतो, आणि तो निर्णय तो उघड बोलत नाही. क्वार्टरमध्ये आहोत तोवर परत जाण्याची गोष्ट बोलता येते. निवृत्त झाल्यावर गावी जाऊ, अमरावतीला जाऊ, नागपूरला जाऊ. स्लॅब पडला की ते बोलणे बंद होते. वास्तुशांतीच्या रात्री पाहुणे गेल्यावर ताई पायरीवर बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो. ती म्हणाली, "आता गावी जायचं ते पाहुणी म्हणून." दुःखाने म्हणाली असे नाही, आनंदाने म्हणाली असेही नाही. दिवसभरात तिने एवढे एकच वाक्य घराबद्दल स्वतःहून उच्चारले, ओट्याचे सोडून.

हे वाक्य ज्यात बसेल असे मराठी पुस्तक कोणते? आपल्याला हिंदीत आणि इंग्रजीत जावे लागते. 'घरौंदा' (१९७७) या चित्रपटाची कथा डॉ. शंकर शेष यांची. ते बिलासपूरच्या मराठी घरातले, लिहिले मात्र हिंदीत. मुंबईत दोघे नोकरदार तरुण एका खोलीसाठी पैसे साठवतात, बांधणारा पैसे घेऊन पळतो, आणि घराच्या लोभाने प्रेमाचाच सौदा होतो. त्यात धनिक मालकाचे काम डॉ. श्रीराम लागूंनी केले. १९७० साली ज्यांनी मराठी रंगभूमीवर बेघर बेलवलकर उभा केला, तेच सात वर्षांनी हिंदी पडद्यावर घर असलेला माणूस झाले. तरीही तिथेही घर पुरे होत नाहीच.

पुरे होते ते फार दूर, त्रिनिदादमध्ये. वि. सू. नायपॉल यांची 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' (१९६१) ही कादंबरी. नायक मोहन बिस्वास हा हिंदुस्थानातून गेलेल्या मजुरांच्या वंशातला. सासरच्या गोतावळ्यात त्याचा जन्म जातो, स्वतः बांधायला घेतलेली घरे एकामागून एक फसतात, आणि शेवटी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये तो एक घर विकत घेतो. ते घर सदोष आहे, कर्जात बुडालेले आहे, आणि त्यात तो फार दिवस जगतही नाही. पण तो मरतो तो स्वतःच्या छपराखाली. नायपॉल यांनी आपल्या वडिलांवरून हा माणूस घडवला. त्या कादंबरीत विनोद भरपूर आहे. घराच्या प्रत्येक वैगुण्यावर लेखक हसतो. पण तो आतून हसतो. घराचा जिना कसा धोक्याचा आहे, हे ज्याला त्या जिन्यावरून रोज उतरायचे आहे त्याच्या बाजूने सांगतो. पु. लं.च्या पाहुण्याची आणि बिस्वासच्या मुलाची जागा ताडून पाहिली, म्हणजे आपल्याकडे नेमके काय राहून गेले ते कळते.

असे का व्हावे? एक कारण असे दिसते की, मराठी ललित लेखन बराच काळ ज्या वर्गाच्या हाती होते, त्याला घर वारशाने मिळाले होते किंवा भाड्याने. वारशाचे घर पडते, भाड्याचे सुटते. बांधावे लागत नाही. ज्यांना वारसाही नव्हता आणि भाड्यानेही कुणी देत नव्हते, त्यांनी लिहायला घेतले तेव्हा चित्र बदलले. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) आणि लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'मध्ये (१९८०) घर ही आठवण नाही, ती गाढवाच्या पाठीवरून उतरवून रोज नव्याने उभी करायची किंवा गावाबाहेर कशीबशी टिकवायची गोष्ट आहे. 'उपरा' वाचल्यावर चार भिंती आणि एक पक्के छप्पर यांच्याकडे पूर्वीसारखे सहज पाहता येत नाही. बांधलेल्या घराचे मोल आपल्या साहित्याला ज्यांनी शिकवले, ते बिनघरांचे लेखक आहेत.

दुसरे कारण कलेच्या समजुतीचे आहे. पुरे होणे म्हणजे संघर्ष संपणे, आणि संघर्ष संपला की लिहिण्यासारखे उरत नाही, असे आपण धरून चालतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) या समजुतीला उत्तर देते. तिथे तरुण मास्तर मेंढपाळांच्या वाडीत तालीम बांधायला घेतो. अडून, रुसून, भांडून गाव ती बांधते आणि राजेसाहेब येऊन उद्घाटनही होते. इमारत पुरी होते. कादंबरी तिथे संपत नाही. दुष्काळ पडतो आणि ज्यांनी तालीम बांधली ती माणसेच वाडी सोडून जातात. पुऱ्या झालेल्या इमारतीपुढचा प्रश्न, की आता इथे कोण राहील, हा माडगूळकरांनी किती साधेपणाने विचारला. मास्तरच्या पेशातला म्हणून मला त्या पुस्तकाविषयी जरा अधिक जिव्हाळा आहे, हे कबूल करतो. पण मुद्दा त्यापलीकडचा आहे.

घरे बांधून पुरी झाली की खरी गोष्ट सुरू होते. सोनागिरीच्या घराच्या गच्चीवर भावजींनी खांबांच्या सळया वीतभर वर सोडल्या होत्या. मुलगा मोठा झाला की वर मजला चढवील म्हणून. वसाहतीत तशा सळया पुष्कळ गच्च्यांवर दिसत. मुलगा शिकला आणि पुण्याला गेला. तिथे त्याने फ्लॅट घेतला. म्हणजे कुटुंब दोन पिढ्यांनी पुन्हा महाराष्ट्रात पोचले, आणि ताई-भावजी मात्र सोनागिरीत राहिले. पुण्याचा नातू उन्हाळ्यात आला की म्हणतो, "आपण भोपाळच्या गावी आलो." ज्या घराने ताईला आपल्या गावात पाहुणी केले, ते घरच आता कुणाचे तरी गाव झाले आहे. सळया गंजल्या होत्या. गेल्या वर्षी भावजींनी त्या कापून घेतल्या आणि वर सिमेंट लावले. त्यांच्या वहीत त्याची नोंद आहे, मजुरीसह. ती त्या वहीतली शेवटची नोंद.

यात नाटक नाही असे कोण म्हणेल? माधव आचवल हे बडोद्याला वास्तुकलेचे अध्यापक होते, महाराष्ट्राबाहेर राहून त्यांनी 'किमया'सारखे पुस्तक लिहिले आणि भिंत, दार, प्रकाश, अवकाश यांच्याकडे पाहायला मराठी वाचकाला शिकवले. त्यांनी दिलेली दृष्टी आपण मोठ्या इमारतींसाठी राखून ठेवली. ती जर सोनागिरीतल्या एका ओट्यावर टाकली असती, तर एकोणीस वर्षे आणि एक पाट एवढ्या सामग्रीवर कथा उभी राहिली असती.

ही कथा पुण्या-मुंबईचा लेखक लिहील, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. तो चाळीविषयी आणि वाड्याविषयी लिहील, कारण ते त्याचे आहे. सौंसर, पांढुर्णा, मुलताई, बऱ्हाणपूर, तिकडे बेळगाव, बिदर इथल्या मराठी घरांची गोष्ट वेगळी आहे. या घरांचा पाया एका भाषेत खणला जातो आणि त्यांच्या देवघरात दिवा दुसऱ्या भाषेत लागतो. अशा घरांच्या कपाटांत भावजींच्या वहीसारख्या वह्या आहेत. घरातले वडीलधारे गेल्यावर रद्दीबरोबर त्या जातात.

माझी विनंती एवढीच की, या दिवाळीला माळ्यावरची साफसफाई करताना अशी वही सापडली तर ती बाजूला काढून ठेवावी. शक्य झाल्यास ज्याने ती लिहिली त्याच्याजवळ बसून पानापानाने वाचावी. आणि जिने ती लिहिली नाही, पण त्या घरात स्वयंपाक केला, तिला ओट्याची उंची विचारावी.